जखमेला आकडा कोणी दिला? उघड्या अस्थिभंगाच्या प्रतवारीचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा नेहमीच्या एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "अहो, हा डॉक्टरांचा विषय. आमचं त्यात काय काम?" प्रश्न रास्त आहे. पण अपघातानंतर रात्री दोन वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून 'ग्रेड थ्री-बी आहे, पाय वाचेलच असं सांगता येत नाही' हे वाक्य जो ऐकतो, तो डॉक्टर नसतो. तो भाऊ असतो, बाप असतो, बायको असते. कागदावर सही त्यांची असते. हे 'थ्री-बी' कोणी, कुठे आणि कशासाठी ठरवलं, हे सही करणाऱ्याला थोडं तरी ठाऊक असावं, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी शब्दांची एक गल्लत दूर करू. हाड मोडलं आणि त्या मोडीचा जखमेतून बाहेरच्या जगाशी संबंध आला, की ते उघडं फ्रॅक्चर. जुनी मंडळी त्याला 'कंपाउंड' म्हणतात. पुष्कळांना वाटतं कंपाउंड म्हणजे हाडाचे खूप तुकडे. तसं नाही. तुकडे कितीही असोत, कातडी शाबूत असेल तर ते बंद फ्रॅक्चर. उलट एकच सरळ मोड, पण वर तांदळाच्या दाण्याएवढं भोक आणि ते आत मोडीपर्यंत गेलेलं, की ते उघडं. गावाकडे 'हाड बाहेर आलं' म्हणतात, पण प्रत्येक वेळी हाड दिसतंच असं नाही. आणि हे सगळ्यात जास्त होतं ते नडगीला. पुढच्या बाजूने नडगीवर बोट फिरवून बघा. कातडी आणि लगेच हाड, मध्ये मांस नाही. आज बोलायचं आहे ते बहुतेक नडगीबद्दलच.

आता मागे जाऊ, बरंच मागे. १८६२ साली इजिप्तमध्ये लक्सर इथे एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक पपायरस विकत घेतला. तो लिहिला गेला इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास. त्यात ४८ रुग्णांची प्रकरणं आहेत, डोक्यापासून खाली क्रमाने, आणि प्रत्येक प्रकरणात तपासणी झाली की वैद्याने एक निवाडा सांगायचा. निवाडे तीनच. याच्यावर उपचार करीन. याच्याशी झुंज देईन. याच्यावर उपचार करायचे नाहीत. दंडाचं हाड मोडलंय, जखम नाही: पहिला निवाडा. मोडीवर जखम आहे: दुसरा. जखम मोडीपर्यंत आत गेलीय आणि रक्त वाहतंय: तिसरा. मंडळी, उघड्या फ्रॅक्चरची ही प्रतवारीच झाली, आणि तीही तीन पायऱ्यांची. पुढे विसाव्या शतकातही पायऱ्या तीनच निघाल्या, ही गंमत लक्षात ठेवा.

पण ही प्रतवारी कसली आहे? जखमेची दिसते, पण खरं म्हणजे वैद्याची आहे. हात घालायचा की नाही, एवढाच तिचा प्रश्न. हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथात तर मांडीचं किंवा दंडाचं हाड बाहेर आलेला रुग्ण सभ्य सबब सापडली तर टाळावा, असा उघड सल्ला आहे. आज हे वाचताना राग येतो. पण त्या काळचा वैद्य जाणून होता की असा माणूस बहुधा मरतो आणि नाव वैद्याचं जातं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत हाडाच्या मोडीचे बारा प्रकार दिले आहेत. कर्कटक, अश्वकर्ण, चूर्णित अशी नावं. ही वर्गवारी मोडीच्या आकाराची आहे. जखमेसह असलेल्या मोडीचा, म्हणजे सव्रण भग्नाचा, उपचार वेगळा सांगितला आहे. त्यात मध आणि तूप येतं. आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. सुश्रुत रुग्णाकडेही बघतो. जो कमी खातो, ज्याला पथ्य पाळवत नाही, ज्याला दुसरे उपद्रव आहेत, त्याची मोड कष्टाने बरी होते, असं तो म्हणतो. आणि वयाचा हिशेबही देतो: पहिल्या वयात हाड जुळायला एक महिना, मधल्या वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. हा एक-दोन-तीनचा हिशेब आपल्याला पुढे १९९० साली सिएटलमध्ये पुन्हा भेटणार आहे. तिकडच्या लोकांनी सुश्रुत वाचला होता, असं आम्ही अजिबात सुचवत नाही. वय मोजल्याशिवाय हाडाचा हिशेब पुरा होत नाही, हे दोघांनाही रुग्ण बघूनच कळलं असणार.

युरोपात मधली अनेक शतकं या दुखण्याला एकच उत्तर होतं, पाय कापा. गोष्टी आठवणीत राहतात त्या अपवादांच्या. १५६१ साली फ्रान्सचा मोठा शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याला घोड्याची लाथ बसली आणि नडगीची हाडं कातडी फाडून बाहेर आली. त्याचा पाय कापला नाही आणि तो बरा झाला. १७५६ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडला. त्याने कोणाला हात लावू दिला नाही. तिथेच थंडीत पडून राहून माणसं पाठवून एक दरवाजा विकत आणवला, पालखीचे दांडे त्याला ठोकून घेतले आणि त्यावर आडवा होऊन घरी गेला. घरी शल्यवैद्यांचं मत पडलं, पाय कापायचा. हत्यारं तयार झाली. तेवढ्यात त्याचे गुरू एडवर्ड नॉर्स आले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, वाचवून बघू. पाय वाचला.

बघा, दोन्ही गोष्टींत रुग्ण कोण आहे? स्वतः शल्यवैद्य. पारेचा पाय वाचतो, पॉटचा वाचतो. लंडनच्या एखाद्या हमालाचा वाचला असता का? त्याच्यासाठी दरवाजा कोणी विकत आणला असता? हा प्रश्न इथे टोचणी म्हणून सोडून ठेवतो. शेवटी तो पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा त्याच्याबरोबर आकडे असतील.

पाय कापणं म्हणजे तरी सुटका होती का? नव्हती. ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरने स्वतःची आकडेवारी छापली आहे. जंतुनाशक पद्धत यायच्या आधी त्याच्याकडे ३५ अवयवच्छेद झाले, त्यांतले १६ रुग्ण दगावले. नंतरच्या ४० मध्ये ६. म्हणजे पूर्वी पाय ठेवला तर पू होऊन मरण आणि कापला तर जवळजवळ निम्मे गेलेले. अशा वेळी बारीक प्रतवारी करणार कशाची आणि कशासाठी?

१२ ऑगस्ट १८६५ रोजी लिस्टरकडे ११ वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, नडगी मोडलेली, वर दीडेक इंचाची जखम. लिस्टरने कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी लावली. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पू झाला नाही. १८६७ मध्ये त्याने अशा ११ रुग्णांचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्ये दिला; एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, बाकीचे पायानिशी घरी गेले. त्याने पहिल्यांदा ही पद्धत वापरून दाखवायला उघडं फ्रॅक्चरच का निवडलं असेल? कारण बंद फ्रॅक्चर बरं होतं आणि तसंच उघडं फ्रॅक्चर सडतं, हे प्रत्येक शल्यवैद्य रोज बघत होता. दोहोंत फरक फक्त कातडीतल्या भोकाचा. जंतूंचा सिद्धांत पटवायला याहून सोपा दाखला नव्हता.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं आम्ही भरकन ओलांडतो. दोन महायुद्धं, मेलेलं मांस कापून काढण्याची शिस्त, थॉमसची फळी, पेनिसिलिन. स्पॅनिश यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जुझेप त्रुएताने जखम साफ करून, उघडीच ठेवून वर प्लास्टर घालण्याच्या पद्धतीने १०७३ रुग्णांत फक्त ६ मृत्यू नोंदवले. आज एवढंच पुरे, कारण आपला धागा प्रतवारीचा आहे. माणूस जगायला लागला तेव्हाच प्रश्न बदलला. आता विचारायचं होतं, जखम चिघळेल का? आणि या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढं उत्तर चालत नाही. किती टक्के, कोणत्या जखमेत, असं सांगावं लागतं. खरी प्रतवारी इथून सुरू होते.

फ्रान्समध्ये कोशवा आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये एक वर्गवारी मांडली. पण जगभर रुजली ती अमेरिकेतल्या मिनीआपोलिसची. तिथल्या सरकारी हेनेपिन काउंटी रुग्णालयात रमोन गुस्टिलो हे मूळचे फिलिपिन्सचे अस्थिशल्यविशारद काम करत होते. त्यांनी आणि जॉन अँडरसन यांनी १९७६ मध्ये लांब हाडांच्या १०२५ उघड्या फ्रॅक्चरांचा अभ्यास छापला. त्यातली ६७३ जुन्या नोंदींतली, १९५५ ते १९६८ मधली. बाकी ३५२ प्रकरणं १९६९ ते १९७३ या काळात आधी ठरवलेल्या पद्धतीने उपचार करून नोंदलेली.

वर्गवारी अशी. पहिला प्रकार: जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ. दुसरा: एक सेंटिमीटरपेक्षा मोठी, पण भोवतालच्या मांसाचं फार नुकसान नाही. तिसरा: मांस, कातडी मोठ्या प्रमाणात चिरडलेली, किंवा हाड दोन ठिकाणी मोडून मधला तुकडा सुटा झालेला, किंवा पाय जागीच तुटलेला. निष्कर्ष ठळक होता. तिसऱ्या प्रकारात जुन्या नोंदींमध्ये ४४ टक्के जखमा चिघळल्या होत्या, नव्या पद्धतीत ९ टक्के. जखमेतले नमुने तपासले तेव्हा सुमारे ७० टक्के जखमांत सुरुवातीलाच जंतू वाढलेले होते. म्हणजे अँटिबायोटिक हे 'गरज पडली तर' द्यायचं औषध राहिलं नाही, ते पहिल्याच तासाचं काम झालं. दोनच वर्षं आधी पात्झाकिस यांच्या गटाने तुलना करून दाखवलं होतं: अँटिबायोटिक न मिळालेल्यांत १३.९ टक्के संसर्ग, सेफॅलोथिन मिळालेल्यांत २.३ टक्के.

लवकरच तिसरा प्रकार फार मोठी पोतडी आहे हे लक्षात आलं. म्हणून १९८४ मध्ये गुस्टिलोंनी त्याचे तीन कप्पे केले. 'ए' म्हणजे मांस फाटलंय, पण हाड झाकता येतंय. 'बी' म्हणजे हाडावरचं आवरण सोलून निघालंय, हाड उघडं पडलंय, ते झाकायला दुसरीकडचं मांस आणावं लागेल. 'सी' म्हणजे शीर तुटलीय, ती जोडल्याशिवाय पाय जगणार नाही. या अभ्यासात 'ए'मध्ये संसर्ग ४ टक्के, 'बी'मध्ये ५२ टक्के, 'सी'मध्ये ४२ टक्के. आणि पाय कापावा लागला तो अनुक्रमे शून्य, १६ आणि ४२ टक्के रुग्णांत. व्हरांड्यातलं ते 'थ्री-बी' इथून आलं.

आम्ही शिकत होतो तेव्हाची एक आठवण सांगतो. कॅज्युअल्टीत रुग्ण आला, की ज्युनिअर डॉक्टरने पट्टी जरा वर करून बघायचं आणि केसपेपरवर 'ग्रेड टू' लिहून टाकायचं. आम्हीही लिहिलं. एका रुग्णाच्या जखमेचं तोंड जेमतेम दीड इंचाचं होतं. आम्ही 'टू' लिहिलं आणि घरच्यांना सांगितलं, फार काळजी नको. ऑपरेशन थिएटरात सरांनी जखम वाढवली. आत पोटरीचं मांस काळपट, चिमटा लावला तरी आकसत नव्हतं, आणि हाडाच्या मागे रस्त्यावरची खडी होती. सरांनी मान वर न करता विचारलं, "ग्रेड कोणी लिहिली?" आम्ही गप्प. प्रतवारी करायची ती थिएटरात, जखम उघडून, धुऊन, मेलेलं काढून झाल्यावर. सेंटिमीटर लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तो सगळ्यांच्या डोक्यात बसला आणि मांस विसरलं गेलं. बाहेर येऊन घरच्यांना पुन्हा सगळं समजावताना जी शरम वाटली, ती अजून आठवते.

ही चूक फक्त शिकाऊंची नव्हती. १९९४ मध्ये ब्रुमबॅक आणि जोन्स यांनी उघड्या नडगीच्या १२ रुग्णांचे व्हिडिओ २४५ अस्थितज्ज्ञांना दाखवले आणि प्रकार विचारला. त्यांचं आपसात सरासरी ६० टक्केच जुळलं. विचार करा, एक 'टू' म्हणतो, दुसरा 'थ्री-ए' म्हणतो, आणि दोघेही आपापल्या रुग्णालयाची टक्केवारी छापतात. तरी ही पद्धत टिकली. आमच्या मते ती टिकली कारण ती फोनवर सांगता येते. तालुक्याच्या डॉक्टरने मोठ्या रुग्णालयात फोन लावून 'थ्री-बी पाठवतोय' म्हटलं, की पलीकडचा प्लास्टिक सर्जनला उठवतो. भाषा म्हणून तिचं काम चोख आहे. निकाल म्हणून मात्र नाही.

निकालाचा प्रश्न आला तो १९८० च्या दशकात, आणि तो आला यशामुळे. सूक्ष्मदर्शकाखाली शिरा जोडायला लागले, पाठीचं मांस शिरेसकट उचलून नडगीवर लावायला लागले. पूर्वी जो पाय जाणारच होता, तो आता ठेवता येऊ लागला. पण कशाच्या बदल्यात? दोन वर्षं, आठ-दहा ऑपरेशनं, नोकरी गेली, घर विकलं, आणि शेवटी तो बधिर, पू गळणारा पाय कापलाच. १९८७ मध्ये सिग्वर्ड हॅन्सन यांनी अस्थिशल्याच्या प्रमुख नियतकालिकात हे स्पष्ट मांडलं: काही पाय पहिल्याच दिवशी कापणं हा रुग्णावर उपकार असतो. आता प्रश्न झाला, कोणता पाय? आणि तो पहिल्या रात्रीच ठरवायचा, तर कशावरून?

म्हणून गुणपद्धती निघाल्या. एकामागून एक. त्यातली गाजली ती 'मेस' नावाची. १९९० मध्ये सिएटलच्या योहानसेन आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. चार गोष्टींना गुण द्यायचे. हाड-मांसाची इजा १ ते ४. रक्तपुरवठा कमी असेल तर १ ते ३, आणि सहा तास उलटले असतील तर हे गुण दुप्पट. रक्तदाब ० ते २. वय तिशीच्या आत ०, तीस ते पन्नास १, पन्नाशीपुढे २. सुश्रुताचा तीन पायऱ्यांचा हिशेब आला की नाही परत? बेरीज ७ किंवा जास्त झाली, की पाय जाणार. त्यांच्या अभ्यासात हे शंभर टक्के जुळलं.

आता एक उदाहरण सोडवू. कागद-पेन्सिल घ्या हवं तर. २८ वर्षांचा मुलगा, ट्रकचं चाक पायावरून गेलंय. चिरडलेली इजा: ३. घोट्यापाशी नाडी लागत नाही, मुंग्या येतायत: २. रक्तदाब मध्ये खाली गेला, सलाइनने वर आला: १. वय: ०. बेरीज ६. पाय ठेवायचा. आता हाच मुलगा, हाच पाय, पण अपघात घाटात झाला आणि रुग्णालयात पोहोचायला सात तास लागले. दोनाचे झाले चार. बेरीज ८. पाय कापायचा. जखमेत कणभर फरक नाही. फरक रस्त्याचा आहे. सहा तासांनी स्नायू मरतो हे शरीरशास्त्र खरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की 'पायाचे गुण' म्हणून जे मोजलं त्यात ॲम्ब्युलन्सही मोजली गेली.

ओघात आलंच म्हणून सांगतो, उघडं फ्रॅक्चर सहा तासांच्या आत धुतलंच पाहिजे हा आमच्या पिढीला शिकवलेला दुसरा 'सहा'चा नियम. त्याचं मूळ शोधत गेलं, तर १८९८ साली जर्मनीच्या फ्रीडरिखने गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ घालून केलेले प्रयोग सापडतात. शंभर वर्षं जगाने तो आकडा पाळला!

'मेस'ची परीक्षा पुढे झाली. मूळ अभ्यासात रुग्ण पन्नासच्या आसपास, २५ जुने आणि २६ नवे. अमेरिकेतल्या आठ मोठ्या अपघात केंद्रांनी १९९४ पासून एकत्र येऊन जबर जखमी पायांच्या रुग्णांची नोंद ठेवली. तो 'लीप' अभ्यास. २००१ मध्ये त्यांनी ५५६ पायांवर सगळ्या गाजलेल्या गुणपद्धती लावून बघितल्या. गुण कमी असतील तर पाय बहुधा वाचतो, एवढं खरं निघालं. पण गुण जास्त म्हणून कापा, असं कोणतीच पद्धत भरवशाने सांगू शकली नाही. आणखी एक जुना दंडक होता: तळपायाला पहिल्या दिवशी संवेदना नसेल तर मज्जातंतू गेला, पाय कापा. त्याच अभ्यासात अशा बधिर तळव्यांसह वाचवलेल्या पायांपैकी निम्म्याहून जास्तांत दोन वर्षांनी संवेदना पूर्ववत झालेली आढळली. तो दंडक मानून आधी किती पाय गेले असतील, याची मोजदाद कोणी करणार नाही.

२००२ मध्ये याच अभ्यासाचा दुसरा भाग आला, ५६९ रुग्णांचा. दोन वर्षांनी कोण बरं आहे, पाय ठेवलेले की कापलेले? फरक नाही. कामावर परतले: कापलेल्यांपैकी ५३ टक्के, ठेवलेल्यांपैकी ४९.४ टक्के. पाय ठेवलेल्यांना गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात यावं लागलं ते मात्र जास्त, ४७.६ टक्के विरुद्ध ३३.९. मग दोन वर्षांनी कोणाचे हाल होते? कमी शिकलेल्यांचे. गरिबांचे. ज्यांचा विमा नाही, घरात आधाराला माणूस नाही, जे सिगारेट ओढतात, ज्यांचा स्वतःवरचा विश्वास खचलाय, त्यांचे. गोरे नसलेल्यांचे. लंडनच्या हमालाचा जो प्रश्न आम्ही मघाशी सोडून ठेवला होता, त्याचं उत्तर हे. हाडाची मोड सारखी असूनही निकाल वेगळा लागतो आणि तो वेगळेपणा कोणत्याही गुणपत्रिकेत नाही.

आता आपल्या देशात येऊ. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, हा सरकारी आकडा. मेलेल्यांत सगळ्यात मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा. दुचाकीवरून पडणाऱ्याची नडगी आधी सापडते. म्हणजे आपल्याकडे थ्री-बी मुबलक. आणि 'मेस' आपल्याला नेमकी तिथे दगा देते. शीर तुटलेली नसेल तर रक्तपुरवठ्याचा रकाना शून्य. तरुण वय, शून्य. रक्तदाब ठीक, शून्य. उरले जास्तीत जास्त चार गुण. म्हणजे चार इंच हाड रस्त्यावर पडलंय, पोटरीचं मांस निम्मं गेलंय, तरी बेरीज चारच. जखमेचे गुण लावायची पट्टीच छोटी.

हे कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने हेरलं. जे. जी. षण्मुगनाथन यांनी १९७८ मध्ये सुरू केलेलं हे रुग्णालय. त्यांचे एक चिरंजीव एस. राजशेखरन अस्थिशल्यविशारद, दुसरे एस. राजा सबापती प्लास्टिक सर्जन. एकाने हाड बघायचं, दुसऱ्याने मांस, आणि दोघे एकाच टेबलाशी. आमच्या मते या घरगुती योगायोगाचा या पद्धतीवर ठसा आहे. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १०९ थ्री-ए आणि थ्री-बी नडग्यांवर तपासलेली गुणपद्धती ब्रिटिश नियतकालिकात छापली. त्यात कातडीला १ ते ५, हाडाला १ ते ५, स्नायू-मज्जातंतूंना १ ते ५, असे वेगवेगळे गुण. बेरीज तर करायचीच, पण प्रत्येक रकाना स्वतंत्रही वाचायचा. कातडीचा आकडा सांगतो, प्लास्टिक सर्जनला बोलवायचं का. हाडाचा आकडा सांगतो, पुढे हाड वाढवावं लागेल का.

आणि चौथा रकाना बघा. प्रत्येकी दोन गुण अशा सात गोष्टी. इजेला बारा तास उलटून गेले. जखमेत गटाराचं पाणी किंवा शेतातली घाण गेली. वय ६५ च्या पुढे. औषध चालू असलेला मधुमेह किंवा हृदय-फुफ्फुसाचा आजार. शरीराला इतरत्र जबर इजा. येतानाच रक्तदाब ९० च्या खाली. त्याच पायाला दुसरी मोठी इजा. सिएटलच्या पट्टीवर सहा तास, कोइंबतूरच्या पट्टीवर बारा. ज्या गावात माणूस उशिराच येतो, तिथली पट्टी उशीर गृहीत धरूनच आखावी लागते. शेतातली घाण वेगळी मोजायचं सिएटलमध्ये कोणाला सुचलं नाही. आपल्याकडे कडबाकुट्टीत सापडलेला हात किंवा ट्रॅक्टरखाली आलेला पाय बघितलेल्या कोणालाही ते पहिल्यांदा सुचेल.

एकूण गुण २९ पर्यंत जाऊ शकतात. १४ पर्यंत पाय वाचवायचा. १७ आणि पुढे बहुधा वाचत नाही. आणि मधले १५, १६? त्यांना ही पद्धत करडा पट्टा म्हणते. तिथे निर्णय आकडा देत नाही. अनुभवी अस्थितज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन दोघांनी मिळून, रुग्णाचं काम काय, घरची परिस्थिती काय, त्याला स्वतःला काय हवंय, हे विचारून ठरवायचं. आम्हाला या सगळ्या इतिहासात हे दोन आकडे सगळ्यात प्रामाणिक वाटतात. ४७ वर्षांचा, स्वतःच्या दीड एकरावर राबणारा माणूस आणि त्याच वयाचा बँकेत बसून काम करणारा माणूस, दोघांचे १६ सारखेच, पण प्रश्न सारखा नाही.

इथे कृत्रिम पायाचाही विचार करावाच लागतो. अमेरिकेत 'कापला काय, ठेवला काय, सारखंच' म्हणताना गुडघ्याखालचा चांगला कृत्रिम पाय हाताशी आहे, हे धरलेलं असतं. आपल्याकडे तो पाय चिखलात चालला पाहिजे, त्यावर मांडी घालून बसता आलं पाहिजे, उकिडवं बसता आलं पाहिजे. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि प्रमोद करण सेठी हे डॉक्टर यांनी रबराचा पाय घडवला तो याच गरजेतून. ज्या जिल्ह्यात असा पाय मिळतो आणि ज्यात तो मिळत नाही, त्या दोन जिल्ह्यांत पंधराचा अर्थ वेगळा निघेल.

२०१० मध्ये अमेरिकन अस्थि-अपघात संघटनेने आणखी एक वर्गवारी आणली: कातडी, स्नायू, रक्तवाहिनी, घाण, हाडाची तूट, अशा पाच रकान्यांची. तिने मुद्दामच बेरीज ठेवली नाही. नोंद करा, निकाल आम्ही सांगणार नाही, असा तिचा पवित्रा.

घड्याळ पुढे गेलंय, प्रश्न घ्यायचे आहेत. त्याआधी सही करणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. व्हरांड्यात 'थ्री-बी' ऐकलंत, तर घाबरून जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: ही ग्रेड जखम थिएटरात उघडून धुतल्यावर लिहिलीय की आधी? प्लास्टिक सर्जनने बघितलंय का? आणि गुण काढले असतील तर कोणत्या पद्धतीने, किती आले? बहुतेक डॉक्टर रागावणार नाहीत. एखादा रागावलाच, तर तुमच्या जागी पॉटचे गुरू नॉर्स असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं, असं समजा. चला, पहिला प्रश्न कोणाचा?